तेरा दिवसांचा फरक

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जे कॅलेंडर लागतं, त्याचा साचा माझ्या नवऱ्याने घालून दिलेला आहे. खोरेन आता काही छापत नाही. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते त्याला दुपारी आठवत नाही. पण आर्मेनियन मठाच्या छापखान्यात त्याने चौतीस वर्षं टाइप जुळवले, आणि कॅलेंडर अजून त्याच्याच पद्धतीने निघतं. दर चौकटीत दोन तारखा. मोठी काळी तारीख रस्त्यावरची, कोपऱ्यातली लहान लाल तारीख चर्चची. दोन्हींत तेरा दिवसांचा फरक. बाकी जगातले आर्मेनियन सहा जानेवारीला नाताळ करतात. आम्ही जेरुसलेमचे आर्मेनियन जुन्या गणनेला धरून बसलोय, त्यामुळे आमची सहा जानेवारी उजाडते एकोणीसला. लहानपणापासून हेच पाहत आले. सहा जानेवारी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकोणीसची चौकट येते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या मूर्खपणामुळे झालं, आणि तो मूर्खपणाही असा की जेरुसलेमच्या आर्मेनियन बाईनेच करावा.

मी दिरुही. वय अडुसष्ट. मठाच्या आवारातल्या एका खोलीत जन्मले आणि लग्न होऊन समोरच्या दोन खोल्यांत गेले. उभ्या आयुष्यात माझं बिऱ्हाड चाळीस पावलं हललं. तरी मी या देशाची नागरिक नाही. आम्ही कायमचे रहिवासी. परदेशी जायचं तर आम्हाला पासपोर्ट नाही, प्रवासापुरती एक वही मिळते. तिच्यात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ठरलेलं नाही’ असं छापलेलं असतं. आत एका पानावर परतीचा व्हिसा चिकटवलेला असतो. त्यावरच्या तारखेच्या आत परत यायचं. नाही आलात, तर ते ‘कायमचे’ कुठल्या कुठे जातं.

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी एकुलती एक मुलगी नाझेली याच वाटेने गेली. आर्मेनियात, येरेव्हानला पियानो शिकायला गेली, तिथे गुर्गेन भेटला, लग्न झालं. दर उन्हाळ्यात यायची. मग एका वर्षी आजारपणामुळे आली नाही, दुसऱ्या वर्षी नोकरीमुळे. मग एक पत्र आलं: तुमच्या आयुष्याचं केंद्र आता दुसरीकडे आहे, सबब तुमचं रहिवासीपण संपलं. त्यानंतर ती एकदाच आली, पाहुण्यांचा दोन आठवड्यांचा व्हिसा घेऊन. विमानतळावर विचारलं, कुठे उतरणार? ही म्हणाली, माझ्या घरी. त्या दोन शब्दांपायी तिला दोन तास बसवून ठेवलं होतं. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून नुसती भांड्यांकडे बघत होती.

तेव्हापासून हाच विचार येत राहतो. माझंही असंच झालं तर? मी येरेव्हानला अडकले आणि खोरेन इथे राहिला तर? त्याला कुठे नेता येत नाही. परक्या घरात त्याला मोरीसुद्धा सापडायची नाही. इथे निदान त्याचे पाय सगळं ओळखतात.

तरीही मी गेले. नाझेलीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, नारे. बाप्तिस्मा सहा जानेवारीला, त्यांच्या नाताळच्या दिवशी ठरला. आमच्या घरात एक झगा आहे, पांढऱ्या लिननचा, गळ्याला बारीक क्रूस भरलेले. त्यात माझ्या आईचा बाप्तिस्मा झाला, माझा झाला, नाझेलीचा झाला. तो मी स्वतः घेऊन जायचा असं ठरलं.

शेजारची ओव्हसान्ना म्हणाली, “व्हिसा बघितलास का?”

“आहे की नाताळपर्यंत.”

“नवा काढून घे. उगाच काठावर कशाला?”

“ऑफिसात गेलं की फाईल उघडतात. फाईल उघडली की प्रश्न सुरू. मुलगी कुठे असते, तुम्ही तिकडे किती वेळा जाता. आहे तो पुरतोय, कशाला त्यांच्या तोंडी लागायचं?”

“बरं बाई. जा तू. नवऱ्याला काही मी पळवून नेत नाही. तो मलाच दिरुही म्हणून हाक मारतो, तेवढा तुझा तोटा.”

मी एक डिसेंबरला निघाले. परतीचं तिकीट सोळा जानेवारीचं. खोरेनला सांगितलं, अठराला सगळे बेथलेहेमला जातात ना, त्याच्या दोन दिवस आधी मी घरी असेन. त्याने मान डोलावली आणि विचारलं, “कोण जातंय?”

वहीत काय लिहिलं होतं? ‘६ जानेवारीपर्यंत’. ते मी दोन वर्षांपूर्वी, चिकटवलं त्याच दिवशी वाचलं होतं. वाचलं आणि मनात म्हटलं, नाताळ. आकडा तिथेच राहिला, सण तेवढा घरी आला. मग दोन वर्षं मी त्या सणाचा भरवसा धरून चालले. आमचा सण, एकोणीसचा.

येरेव्हानला महिना छान गेला. बर्फ, बाळाची न्हाणी, आणि विहीणबाईंची जीभ. गुर्गेनची आई आरेव्हिक मनाने चांगली आहे, पण तिच्या मते खरे आर्मेनियन म्हणजे येरेव्हानचे, आम्ही सगळे वाट चुकलेले. मी बोलले की ती हसते, म्हणते तुमची भाषा आमच्या पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी. मीही म्हणते, पेटीत ठेवली म्हणून टिकली, तुम्ही तर रशियन शिरवून शिरवून तिची खिचडी केलीत.

पाच जानेवारीला संध्याकाळी सगळे चर्चमधून पेटत्या मेणबत्त्या घेऊन घरी आलो. वाऱ्यात विझू नये म्हणून प्रत्येकाने हाताचा आडोसा धरलेला. टेबलावर मासे होते, पालक, मनुकांचा भात, आणि मी केलेली जर्दाळू घातलेली गव्हाची खीर. नाझेली बाळाला मांडीवर घेऊन जेवत होती.

“काय विहीणबाई,” आरेव्हिक म्हणाली, “तुमच्याकडे अजून तेरा दिवस आहेत ना? तुमचा येशू उशिरा का येतो? वाटेत अडवून कागद मागतात वाटतं त्याला.”

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, “येतो तो त्याच तारखेला. तुमचं कॅलेंडर घाईचं आहे. आमच्याकडे सहा तारीख एकोणीसला येते...”

आणि तोंडात घास तसाच राहिला.

आधी वाटलं, काहीतरी विसरलेय. गॅस, चावी, असं काही. मग हळूहळू वर आलं. वहीवरचा आकडा. सरकार काही मठाचं कॅलेंडर बघून व्हिसा देत नाही. सरकारची सहा तारीख म्हणजे सहा तारीख. आणि आज पाच.

मी उठून आतल्या खोलीत गेले. बॅगेतून वही काढताना चेन दोनदा अडकली. पान उघडलं. ६ जानेवारीपर्यंत. तीनदा वाचलं. मी घाबरट बाई नाही. युद्धात डोक्यावरून गोळे जाताना मी बालवाडीच्या तीस मुलांना तळघरात गाणी म्हणायला लावलेली आहेत. पण त्या पलंगावर बसले ती उठलेच नाही. डोळ्यांसमोर आमच्या घराचं दार आलं, आणि मी त्या दाराबाहेर, दोन आठवड्यांचा व्हिसा हातात घेऊन.

नाझेली दारात आली. “काय झालं आई?”

मी वही तिच्या हातात दिली. तिला वाचायला वेळ लागला नाही. असले कागद ती एका नजरेत वाचते. तिचा चेहरा पांढरा पडला.

“तिकीट सोळाचं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“आई, तू... सोळाचं का काढलंस?”

मी सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. तिने गुर्गेनला हाक मारली, “जान, उद्याचं विमान बघ. आत्ता. आईचं.”

गुर्गेन फोनवर शोधत बसला. आरेव्हिक टेबलावरचं सगळं तसंच टाकून आली. तिला समजेना. “अहो पण तुम्ही तिथल्याच ना? एक-दोन दिवस उशीर झाला तर आपल्याच माणसाला कोणी बाहेर ठेवतं का?”

नाझेली सासूला म्हणाली, “ठेवतात, आई. मला ठेवलंय.”

आरेव्हिकने तोंड मिटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

उद्या दुपारी एकचं थेट विमान होतं. दोन जागा उरल्या होत्या, गुर्गेनने एक घेतली. कितीला घेतली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाप्तिस्मा दोन वाजता. म्हणजे तो हुकणार. पण त्या क्षणी मला बाप्तिस्मा बिप्तिस्मा काही दिसत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चालू होतं.

“सहापर्यंत म्हणजे सहा धरून की सोडून?”

गुर्गेन म्हणाला, “धरूनच असणार, आई.”

“असणार? कोणी सांगितलं?”

“सगळीकडे तसंच असतं.”

“सगळीकडचं मला नको सांगू. तिथलं सांग.”

विचारायचं तरी कोणाला? ऑफिसं बंद, आणि उघडी असती तरी मी फोन केला नसता. फोन केला की नाव सांगावं लागतं.

मी बॅग भरायला घेतली. खणात माझं जे जे होतं ते दोन्ही हातांनी उचललं आणि कोंबलं. औषधं, मोजे, शाल, निळ्या कापडात बांधलेली पुरचुंडी, चप्पल. काय घेतलं ते बघितलंसुद्धा नाही. वही तेवढी झोपताना उशाखाली ठेवली. झोपले असं म्हणायचं, एवढंच.

सकाळी खिडकीबाहेर काही नव्हतं. समोरची इमारत नाही, झाडं नाहीत. धुकं. येरेव्हानचं जानेवारीतलं धुकं म्हणजे दुधात बुडाल्यासारखं असतं, हे मी महिनाभर ऐकत होते, बघितलं त्या दिवशी.

निघताना नाझेलीने नारेला माझ्या हातात दिलं. बाळ झोपेत होतं. मी तिच्या कपाळाला ओठ लावले आणि लगेच परत दिलं, कारण घड्याळ पावणेनऊ दाखवत होतं. आता आठवतं, नाझेलीने हात पुढे करायच्या आधीच मी बाळ परत केलं होतं.

नऊ वाजता आम्ही विमानतळावर होतो. सामान दिलं, हातातली बॅग तेवढी जवळ ठेवली. मोठ्या फळ्यावर आमच्या विमानापुढे एकचे तीन झाले. तासाभराने तिनाचे पाच झाले. गुर्गेन चौकशी करून आला.

“आई, आत यायची विमानं उतरू शकत नाहीयेत. तुमचं विमान अजून आलेलंच नाही. पाचच्या आधी काही उडत नाही. चर्च इथून दहा मिनिटांवर आहे, पाराकार गावात. आपण जाऊ, बाप्तिस्मा बघा, मी साडेतीनला तुम्हाला परत इथे उभं करतो. शपथ घेतो हवं तर.”

“आणि धुकं उठलं तर?”

“उठलं तरी विमान आधी इकडे यायला हवं ना.”

“त्यांनी दुसरं विमान दिलं तर? वाटेत गाडी अडली तर?”

“आई, दहा मिनिटं. चालत आलो तरी पोचू.”

तो खरं बोलत होता. आज मला माहीत आहे की तो खरं बोलत होता. तेव्हाही माहीत होतं. पण मी त्या खुर्चीवरून हलू शकत नव्हते. मला वाटत होतं, या दारातून मी एकदा बाहेर पडले की संपलं. नाझेलीलाही एकदा वाटलं असेल, काय होतंय एका उन्हाळ्याने.

नाझेलीचा फोन आला. “ये ना आई. पाच वाजेपर्यंत नुसती बसून काय करणार आहेस? नारेला तू हातात घेऊन चर्चच्या दारापर्यंत न्यायचं असं ठरलं होतं आपलं.”

“बघते,” मी म्हटलं.

आणि बघितलं काय, तर पासपोर्ट तपासणीची रांग. फोन ठेवला, गुर्गेनचे गाल धरून पापा घेतला, म्हटलं, जा बाळा, तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा आहे, बापाने तिथे असायला हवं. आणि तो काही बोलायच्या आत त्या रांगेत जाऊन उभी राहिले. म्हणजे मग कोणी चल म्हणायला नको, आणि मलाही जावंसं वाटायला नको.

खिडकीतला पोरगा पंचविशीचा असेल. त्याने वही हातात घेतली, राष्ट्रीयत्वाचा रकाना वाचला, भुवया वर केल्या. “म्हणजे तुम्ही कोणाच्या?”

“ते अजून ठरायचंय,” मी म्हटलं.

त्याला हसू आलं. शिक्का मारला आणि वही परत देताना म्हणाला, “ख्रिस्त जन्मला आणि प्रकटला, आजी.”

याला एक ठरलेलं उत्तर असतं. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही येतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी वही बॅगेत घातली आणि आत गेले.

दीडला पुन्हा नाझेली. मागे गडबड ऐकू येत होती, कोणीतरी बाळाला गप्प करत होतं.

“आई, झगा कुठे ठेवलास? खण रिकामा आहे.”

मला आधी कळेना. मग निळं कापड आठवलं. मी बॅग उघडली. शालीखाली, मोज्यांच्या शेजारी, ती पुरचुंडी. काल खण रिकामा करताना माझ्याच हातांनी उचललेली.

“आई? सगळे निघायचे थांबलेत.”

झगा माझ्या मांडीवर होता. खिडकी वीस पावलांवर. तो पोरगा चांगला होता. मी जाऊन सांगितलं असतं, बाळा, हा झगा बाहेर माझ्या जावयाला दे, तर त्याने दिला असता. गुर्गेन दहा मिनिटांत आला असता. हे मला सगळं दिसत होतं. पण त्याचबरोबर हेही दिसत होतं की मी खिडकीशी जाते, तो म्हणतो वही दाखवा, पुन्हा पान उघडतो, या वेळी नीट वाचतो, कोणाला तरी बोलावतो. मग ते दोघं मिळून वाचतात. सहापर्यंत म्हणजे सहा धरून की सोडून? आणि एकदा त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघाला की मग विमान कुठलं.

“आई, ऐकू येतंय का?”

“गोधड्यांच्या खाली बघ,” मी म्हटलं.

“बघितलं.”

“मग... कपाटात, वरच्या फळीवर. तिथेच कुठेतरी असेल. मला आठवत नाही गं. नसला सापडत तर राहू दे, दुसरा घाल.”

तिकडे तिने कोणाला तरी दुकानात जायला सांगितलं. मग म्हणाली, “बरं. तू काळजी करू नको. जेवलीस का काही?”

अडुसष्ट वर्षांत मी पुष्कळ खोटं बोलले असेन, दुकानदारांशी, पाद्र्यांशी, खोरेनशी तर रोज बोलते. पण मुलीशी, तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, झगा मांडीवर ठेवून. माझी मला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही मी घड्याळच बघत होते.

दोनला चर्चची घंटा ऐकू आली की नुसता भास झाला, देव जाणे. काचेबाहेर धुकंच होतं. पाचचे सहा झाले, सहाचे सात. आमच्याकडे घड्याळ दोन तास मागे, म्हणजे दोन तास हातात जास्त, असं मी बोटांवर मोजत होते. शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, आज काही हे सोडत नाहीत, उद्या सकाळी पाठवतील. मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. मी उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

सव्वासातला विमान उडालं. वर गेल्यावर धुकं खाली राहिलं आणि वर स्वच्छ चांदणं होतं. मी खाल्लं नाही, पाणीसुद्धा अर्धा पेला. मनात उत्तरं घोकत होते. कुठे गेला होतात? मुलीकडे. मुलगी म्हणायचं की नातेवाईक? मुलगी म्हटलं की तिची फाईल उघडेल. नातेवाईक म्हटलं आणि त्यांना आधीच माहीत असलं, तर खोटारडी ठरेन.

उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तारीख अजून सहा होती. फळ्यावर, भिंतीवर, पुढच्या माणसाच्या फोनवर, जिथे जिथे तारीख दिसली तिथे मी बघून घेतली. रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं. प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मी मोजत होते. 

माझा नंबर आला. खिडकीत एक मध्यमवयीन बाई होती, कान आणि खांद्यामध्ये फोन धरून कोणाशी तरी बोलत होती. काय ते मला अर्धंमुर्धं कळलं. घरी मुलांनी जेवण गरम करायचं होतं आणि त्यांना भांडं सापडत नव्हतं. मी वही सरकवली. तिने ती उघडली, यंत्रावर ठेवली, पडद्याकडे एकदा बघितलं.

“खालच्या कपाटात,” ती फोनमध्ये म्हणाली. “नाही, डावीकडे.”

आणि वही मला परत दिली.

मी उभीच राहिले. तिने तारखेचं पान उघडलंच नव्हतं. यंत्राने काय वाचलं असेल ते यंत्राला माहीत, पण ती काही वाचायला थांबली नाही. मला काहीही विचारलं नाही. तिने मान वर करून मला हाताने पुढे व्हा अशी खूण केली. एका क्षणी मला वाटलं, हिला पान उघडून दाखवावं. म्हणावं, बाई, हे बघ, आज सहा आहे, यासाठी मी काय काय टाकून आलेय ते निदान बघ तरी. मग पाय आपोआप चालायला लागले.

घरी ओव्हसान्नाने दार उघडलं. खोरेन टेबलाशी बसून भाकरीचा तुकडा सूपात बुडवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ओव्हसान्नाकडे, आणि दोन दिरुही कशा आल्या याचा विचार करत राहिला. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात धरला. तेव्हा कुठे रडू आलं.

झगा मी कपाटात खाली ठेवला. नाझेलीला सांगायचं असं रोज ठरवलं. तिने फोटो पाठवले. दुकानातून घाईघाईत आणलेला फ्रॉक, बाह्या लांब, बाळाचे हात दिसत नव्हते. मी लिहिलं, छान दिसतेय. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं, मग रविवारी, मग नाताळला.

एकोणीसला आमचा नाताळ. दुपारी फोन आला, पडद्यावर नाझेली आणि तिच्या कडेवर नारे. खोरेनला समोर बसवलं. त्याने त्यांना नीट निरखून बघितलं, आणि मग एकदम उठून आत गेला.

“बाबा कुठे चालले?” नाझेलीने विचारलं.

“कोण जाणे. आज सकाळपासून कपाट उचकतोय.”

तो आला तेव्हा त्याच्या हातात निळं कापड नव्हतं. नुसता झगा होता, दोन्ही हातांवर आडवा धरलेला, जसा चर्चच्या दारात धरतात. तो त्याने पडद्यापुढे उंच केला.

“नाझेली,” तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याने तिचं नाव बरोबर घेतलं नव्हतं. “हा तुझा झगा.”

मी खाली बघत होते. नाझेलीने पाहिलं, ते मला न बघताच कळलं.

“आई,” ती म्हणाली, “तुझ्याबरोबर गेला होता तो.”

“हो.”

“फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?”

“मांडीवर होता माझ्या.” मग मी सगळं सांगितलं. खिडकीतला पोरगा, वीस पावलं, सहा धरून की सोडून. सांगताना माझं मलाच ते इतकं क्षुल्लक वाटलं की मधेच थांबले. म्हटलं, “मी घाबरले गं. दुसरं काही नाही. कुरिअरने पाठवते उद्या.”

नारे पडद्याकडे हात पसरत होती. नाझेलीने तो हात धरला आणि ती झग्याकडे बघत राहिली. खोरेनचे हात थरथरायला लागले होते, तरी त्याने झगा खाली घेतला नव्हता.

“नको पाठवू,” ती म्हणाली. “राहू दे तिथेच. माझं काहीतरी त्या घरात राहू दे.”

मी उठून खोरेनच्या हातांखाली माझे हात धरले.